एकाच मजल्यावर तीन दारं: काउन्सिलच्या इमारतीतली ओल, बुरशी आणि दुरुस्ती

नदीकाठ

मध्य लंडनच्या काउन्सिल इस्टेटींमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेच्या घरांच्या वसाहतींमध्ये (साउथवर्क, लॅम्बेथ, हॅकनी, टॉवर हॅम्लेट्स) आपली मंडळी बरीच आहेत. हिवाळा लागला की ओल आणि काळ्या बुरशीचे प्रश्न सुरू होतात आणि दर वेळी उत्तरांची सरमिसळ होते, कारण एकाच मजल्यावरच्या तीन दारांमागे तीन वेगळे कायदे असतात. पहिलं घर काउन्सिलच्या भाडेकरूचं. दुसरं कधीतरी 'राइट टू बाय'मध्ये (भाडेकरूला स्वतःचं घर विकत घेऊ देणारी योजना) विकलं गेलेलं, तिथे लीजहोल्डर (दीर्घ मुदतीच्या करारावर फ्लॅट घेतलेला; इमारत काउन्सिलचीच राहते) स्वतः राहतो. तिसरंही तसंच विकलेलं, पण मालक दुसरीकडे आणि घर भाड्याने दिलेलं. भिंत तिघांची तीच, बुरशीही तीच. तक्रार मात्र तिघांनी तीन ठिकाणी करायची असते, आणि लोक चुकीच्या दारावर थापा मारत बसतात म्हणून महिनेच्या महिने वाया जातात.

जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती. ओल कसली हे कसं ओळखायचं? कुणी, कुणाला, काय शब्दांत कळवायचं? 'खिडक्या उघड्या ठेवा' एवढंच सांगून माणूस निघून गेला तर पुढे काय?

वीटकाम

ओल कसली, इथून सुरुवात करा. तक्रारीत कारण चुकलं तर माणूसही चुकीचा पाठवला जातो.

पाऊस पडून गेल्यावर डाग वाढतो आणि कोरड्या हवेत फिका होतो, म्हणजे पाणी बाहेरून येतंय. १९६०-७०च्या इमारतींत याच्या जागा ठरलेल्या आहेत: सपाट छताचं फेल्ट किंवा अस्फाल्ट, वरच्या बाल्कनीचा उतार, काँक्रीट पॅनेलच्या सांध्यांतलं सीलंट, तुंबलेलं पावसाचं आउटलेट. हवा कशीही असो, डाग तसाच ओला राहतो, म्हणजे पाइप. उंच इमारतींत पावसाचे आणि सांडपाण्याचे पाइप बऱ्याचदा आतल्या डक्टमधून उतरतात. गळती दोन मजले वर असते आणि पाणी भलतीकडेच डोकं काढतं. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत क्षारांची रेघ दिसली तर ती जमिनीतून चढणारी ओल. आठव्या मजल्यावर कुणी 'रायझिंग डँप' लिहून गेला तर तो अहवाल लेखी हरकत घेऊन परत पाठवा.

उरलं कंडेन्सेशन, म्हणजे घरातल्या हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमणं. बाहेरच्या भिंतींचे कोपरे, कपाटामागची जागा, खिडकीच्या कडा, छत आणि भिंत जुळतात ती रेघ, इथे काळे ठिपके येतात. पाण्याचा ओघळ किंवा रेघ नसते.

एक सावधगिरी: सर्व्हेअर भिंतीला लावतात ते दोन टाचण्यांचं मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं. काँक्रीट किंवा क्षार धरलेल्या प्लास्टरवर त्याचा आकडा फसवा येतो. त्या एका आकड्यावर कुणालाही निष्कर्ष काढू देऊ नका.

सकाळची_गाडी

थोडी उलट बाजू मांडतो. घरात वाळत घातलेल्या एका धुण्यातून साधारण दोन लिटर पाणी हवेत जातं. त्यात आंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, आणि आवाज नको म्हणून बंद केलेला पंखा. बुरशी दिसली की थेट इमारतीला दोष देणं बरोबर नाही. आधी पंखा चालतो का ते पाहा. जाळीवर टिश्यू पेपर धरा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. पडला तर बहुतेक वेळा डक्ट चेपलेला असतो, नाहीतर मागचा झडपेचा पडदा अडकलेला असतो. इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या पार्ट एफमध्ये अधूनमधून चालणाऱ्या पंख्यासाठी बाथरूमला सेकंदाला १५ लिटर आणि स्वयंपाकघराला ६० लिटर (शेगडीवरच्या हूडला ३०) असा हिशेब आहे. जुन्या फ्लॅटमधले पंखे याच्या जवळपासही नसतात. शिवाय पंखा हवा ओढणार तर ती आत यायला वाट हवी. दाराखाली साधारण १० मिमी फट लागते. नवीन कार्पेट टाकलं की नेमकी तीच बुजते.

वीटकाम

गाडी, पंख्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सवयींवर सगळं ढकलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आकडेच बघा. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता, म्हणजे नीट वापरात असलेलं घर. या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) १२ अंश. त्या काळच्या काँक्रीटच्या इमारतीत स्लॅबची कड थेट बाहेरच्या थंडीला टेकलेली असते, मधे इन्सुलेशन नाही. त्या कोपऱ्याचा पृष्ठभाग १५ अंशांवर आला की त्याच हवेची तिथली आर्द्रता ८२ टक्क्यांच्या आसपास पोचते. बुरशीला सलग ८० टक्के पुरतात. भिंतीवर पाण्याचा एक थेंबही न दिसता बुरशी येते ती अशी. रहिवाशाने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

म्हणून एक साधं तापमान-आर्द्रता नोंदवणारं यंत्र दोन आठवडे खोलीच्या मध्यावर ठेवा, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने सकाळी लवकर कोपऱ्याचं तापमान घेऊन लिहून ठेवा. खोलीत आर्द्रता ६०च्या खाली आणि कोपरा १३-१४ अंशांवर असेल, तर 'राहणीमान' हे कारण तिथेच संपतं.

ओसरी

आता कायदा. हे इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे.

पहिलं दार, काउन्सिलचा भाडेकरू. २७ ऑक्टोबर २०२५पासून 'अवाब्स लॉ' लागू आहे. रॉचडेलमधला दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२०मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. त्यानंतर २०२३च्या सोशल हाउसिंग कायद्यात ही तरतूद आली. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत तपासणी आणि घर सुरक्षित करणं. ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत तपासणी, तपासणी संपल्यावर ३ दिवसांत लेखी सारांश, आणि ५ दिवसांत घर सुरक्षित करणारं काम (हे सगळे कामाचे दिवस). पुन्हा उद्भवू नये म्हणून लागणारं मोठं कामही त्याच ५ दिवसांत सुरू व्हायला हवं. ते शक्य नसेल तर जास्तीत जास्त १२ आठवड्यांत प्रत्यक्ष सुरू झालं पाहिजे. मुदतीत घर सुरक्षित करता आलं नाही तर राहण्याची योग्य पर्यायी सोय देणं काउन्सिलवर बंधनकारक आहे.

हे घड्याळ तुम्ही कळवल्यावर सुरू होतं. म्हणून कळवल्याचा पुरावा हवाच: ईमेल किंवा पोर्टलवरचा संदर्भ क्रमांक. फोनवर बोललात तर त्याच दिवशी 'आज अमुक वाजता फोनवर कळवल्याप्रमाणे' अशी ईमेल टाका. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं मूल, गरोदर किंवा वृद्ध माणूस असेल तर पहिल्याच ओळीत लिहा, कारण धोका किती गंभीर हे त्यावरून ठरतं.

लीजहोल्डरला आणि त्याच्या भाडेकरूला हा कायदा लागू नाही. लायसन्सवर (भाडेकराराऐवजी नुसत्या राहण्याच्या परवानगीवर) दिलेल्या तात्पुरत्या घरांनाही नाही.

मोगरा

ओसरीताई, तिसऱ्या दाराचं सांगा ना. आपले नवीन आलेले बहुतेक लोक तिथेच असतात.

ओसरी

मोगरा, तिथे तुमचा घरमालक म्हणजे लीजहोल्डर. काउन्सिलच्या दुरुस्ती विभागाला फोन केलात तर 'तुम्ही आमचे भाडेकरू नाही' हे उत्तर मिळणार, आणि ते बरोबरच असतं. घरमालकाला लेखी कळवायचं. छत, बाहेरची भिंत, सामाईक पाइप यांचं काम असेल तर त्याने काउन्सिलकडे, ती फ्रीहोल्डर (इमारतीची मूळ मालक) आहे म्हणून, मागणी करायची. तो ढिम्म राहिला तर काउन्सिलच्याच एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाकडे जा. २००४च्या हाउसिंग कायद्याखाली ते घराची तपासणी करतात. कॅटेगरी १चा, म्हणजे सर्वात गंभीर वर्गातला धोका निघाला तर कारवाई करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सुधारणेची नोटीस हा त्यातला नेहमीचा मार्ग. घर सोडायला लावतील ही भीती मोठी असते, पण कारण न देता घर खाली करायला लावणारी सेक्शन २१ची नोटीस १ मे २०२६पासून रद्द.

पाणकोंबडा

एन्व्हायर्न्मेंटल हेल्थबद्दल एक मर्यादा. तो विभाग काउन्सिलचाच भाग, त्यामुळे आपल्याच काउन्सिलला ती नोटीस बजावू शकत नाही. म्हणजे पहिल्या दारासाठी हा रस्ता बंद. त्यांच्यासाठी १९९०च्या एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन कायद्याचं कलम ८२ आहे. काउन्सिलला २१ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो. त्यासाठी घराची अवस्था आरोग्याला घातक आहे हे दाखवणारा स्वतंत्र अहवाल लागतो.

धोपटमार्ग

एवढे कायदे कशाला? भाडं थांबवा, दुसऱ्या दिवशी माणूस दारात.

ओसरी

नाही, हे कृपा करून कुणी करू नका. भाडं थकलं की थकबाकीवरून घराचा ताबा मागण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि बुरशीचं प्रकरण बाजूला पडून तुम्हीच प्रतिवादी होता. भाडं वेळेवर भरत राहा आणि भरपाई मागा.

लेखनिक

तक्रारीच्या शब्दांवर लिहितो, कारण सर्वात जास्त वेळ इथे जातो.

पहिल्यांदा कळवता ती 'सर्व्हिस रिक्वेस्ट'. ती तक्रार मानली जात नाही. दुरुस्ती झाली नाही की पुन्हा फोन केला जातो, पुन्हा नवा संदर्भ क्रमांक मिळतो आणि जुना बंद होतो. असे पाच क्रमांक जमले तरी औपचारिक तक्रार शून्य! म्हणून स्पष्ट लिहा: 'ही स्टेज १ची औपचारिक तक्रार आहे.' हाउसिंग ऑम्बुड्समनची (घरांबद्दलच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा) तक्रार-संहिता १ एप्रिल २०२४पासून कायद्याने बंधनकारक आहे. तक्रारीची पोच कामाच्या ५ दिवसांत आणि त्यापुढे १० दिवसांत उत्तर. समाधान झालं नाही तर स्टेज २. तिथेही पोच ५ दिवसांत, पुढे उत्तर २० दिवसांत. त्यानंतर थेट ऑम्बुड्समन. पूर्वी मधे नगरसेवक-खासदारांची पायरी किंवा आठ आठवड्यांची वाट होती, ती ऑक्टोबर २०२२मध्ये गेली. लीजहोल्डरलाही हा रस्ता खुला आहे.

तक्रारीत चार गोष्टी पुरतात: पहिल्यांदा कधी कळवलं, कोण कधी आलं, काय झालं नाही, आणि तुम्हाला नेमकं काय हवं. शेवटची लोक विसरतात. 'बुरशी काढा' असं मागितलंत तर 'मोल्ड वॉश' मिळतो: औषधाने पुसून वर रंगाचा हात, आणि दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. 'कारण शोधणारी तपासणी, तिचा लेखी अहवाल, त्यानुसार काम आणि ते केव्हा होणार याची तारीख' असं मागा.

शिडीवाला

दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. कंत्राटदाराच्या माणसाला त्याच्या फोनवर एका ओळीचं काम येतं, 'मोल्ड वॉश, बेडरूम'. वर छत गळतंय हे त्याला माहीत नसतं, आणि कळलं तरी त्या कामात ते बसत नाही. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. जाण्याआधी त्याला 'फॉलो-ऑन' काम नोंदवायला सांगा आणि त्याचा क्रमांक घ्या.

दुसरं, 'नो ॲक्सेस'. दार उघडलं नाही असा शेरा पडला की काम बंद होतं. खालच्या मुख्य दाराचा इंटरकॉम बंद असेल तर हे फार वेळा घडतं. तो बंद असल्याचं आधीच लेखी कळवा आणि फोन नंबर कामाच्या नोंदीवर टाकायला सांगा. त्या वेळात घरी होतात याची खूण म्हणून मुख्य दाराचा वेळेसकट फोटो काढून ठेवला तरी पुढे उपयोगी पडतो.

आणि माणूस येण्याआधी बुरशी घासून साफ करू नका. आधी फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. पुसायचीच वेळ आली तर कोरड्या ब्रशने कधीही नाही, कारण बीजाणू खोलीभर पसरतात. बुरशीनाशक लावून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.

पाणकोंबडा

छोट्या कामांसाठी 'राइट टू रिपेअर' ही १९९४ची योजना काउन्सिल भाडेकरूंना आहे, पण ती फारशी कुणी वापरत नाही. २५० पौंडांपर्यंतची ठरावीक कामं यात येतात. खिडकी नसलेल्या बाथरूमचा बंद पंखा ७ दिवसांत, गळकं छतही ७ दिवसांत, हिवाळ्यात बंद पडलेलं हीटिंग एका दिवसात. मुदत टळली की दुसरा कंत्राटदार मागायचा. त्यानेही मुदत टाळली तर १० पौंड आणि पुढे रोज २ पौंड, कमाल ५०. रक्कम किरकोळ आहे. खरा फायदा म्हणजे पंख्याची मुदत कागदावर येते.

दारवान

विषय थोडा बाजूला जातोय, पण लीजहोल्डरांनी हे वाचा. फ्लॅट घेतला की पहिली हौस मुख्य दार बदलायची. काउन्सिलच्या उंच इमारतीत ते दार ३० मिनिटं आग रोखणारं, एफडी३० प्रकारचं आणि आपोआप बंद होणारं लागतं. बाजारातलं प्लास्टिकचं सुंदर दार बसवलंत तर मजल्यावरच्या सगळ्यांचा सुटकेचा मार्ग धोक्यात येतो. ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ला ७२ माणसं गेली. तिथेही आपोआप बंद न झालेल्या दारांमुळे धूर जिन्याच्या वाटेवर पसरला. जानेवारी २०२३पासून ११ मीटरपेक्षा उंच इमारतींत फ्लॅटची दारं दर १२ महिन्यांनी तपासायची आहेत. तपासणीला आलेल्याला दार उघडा. आणि आवाज येतो म्हणून क्लोजर काढून ठेवू नका.

मोगरा

दार बदलायला परवानगी लागते का?

दारवान

हो, लेखी. बऱ्याच लीजमध्ये दार काउन्सिलच्याच मालकीचं असतं. आधी लीज वाचा, मग सुताराला बोलवा.

हिशेबनीस

दुसऱ्या दाराबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. लीजहोल्डरसाठी बुरशीचा प्रश्न शेवटी बिलापाशी येतो. आतलं प्लास्टर बहुधा तुमचं. ढाचा, छत, बाहेरची भिंत काउन्सिलची. खिडक्यांच्या चौकटी बऱ्याचदा काउन्सिलच्या आणि काच तुमची. प्रत्येक लीज वेगळं, म्हणून व्याख्यांचं पान वाचाच. काउन्सिल छत किंवा खिडक्या बदलते तेव्हा तुमचा वाटा सर्व्हिस चार्जमध्ये (इमारतीच्या देखभालीसाठी लीजहोल्डरकडून घेतली जाणारी रक्कम) येतो, आणि तो हजारो पौंडांत असू शकतो.

कुणाही एका लीजहोल्डरवर २५० पौंडांहून जास्त बोजा येणार असेल तर सेक्शन २०ची सल्लामसलत (कामाआधी नोटीस देऊन लीजहोल्डरांचं म्हणणं मागवणं) सक्तीची आहे. ती झाली नाही तर काउन्सिलला २५०पर्यंतच वसूल करता येतात, ट्रायब्युनलने (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) सूट दिली नाही तर. साधारणपणे दोन नोटिसा असतात, प्रत्येकी ३० दिवसांच्या. पण काउन्सिलचा कंत्राटदाराशी आधीच दीर्घ मुदतीचा करार असेल तर एकच नोटीस येते. त्या ३० दिवसांत लेखी हरकत घ्या: मोजमाप काय, दर काय, दुरुस्तीने भागत असताना बदल का. दुसरं, खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत मागणी किंवा खर्च झाल्याची लेखी सूचना आली नाही तर तो वसूल होत नाही (१९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं कलम २०बी). बिल अवाजवी वाटलं तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलमध्ये त्याच कायद्याच्या कलम २७एखाली दाद मागा.

नव्याने घेणाऱ्यांनी वकिलाकडून तीन गोष्टी मागवाव्यात: मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्ज, पुढच्या पाच वर्षांच्या मोठ्या कामांचं नियोजन, आणि निघालेल्या पण बिल न आलेल्या सेक्शन २० नोटिसा. शेवटच्या गोष्टीसाठी विक्रीच्या रकमेतून काही पैसे राखून ठेवायला सांगा.

सकाळची_गाडी

इमारत कुठल्या पद्धतीची आहे हेही विचारा. मोठ्या काँक्रीट पॅनेलच्या (लार्ज पॅनेल सिस्टिम) इमारती वेगळ्या पाहाव्या लागतात. न्यूहॅममधल्या रोनन पॉइंटचा कोपरा १६ मे १९६८ला गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला, चार माणसं गेली. पेकहॅमच्या लेडबरी इस्टेटमध्ये २०१७ला याच काळजीपोटी गॅस तोडावा लागला. अशा इमारतींत हीटिंग विजेवर किंवा सामाईक हीट नेटवर्कवर असतं. ते महाग पडलं की लोक खोली गार ठेवतात, आणि कोपरा आणखी गार होतो. म्हणजे वीटकामने सांगितलेलं ८२ टक्क्यांचं गणित हीटिंगच्या बिलाशी जोडलेलं आहे. हे मी आधी पुरेसं मांडलं नव्हतं.

नदीकाठ

फार उपयोगी माहिती येतेय. एक विचारतो: एकेकट्याने भांडण्यापेक्षा एकत्र काही करता येतं का?

लेखनिक

येतं, आणि ओलीच्या बाबतीत तेच सर्वात परिणामकारक. इमारतीच्या बाहेरच्या बाजूचा साधा नकाशा काढा: उभे रकाने म्हणजे एकाखाली एक असलेले फ्लॅट, आडव्या ओळी म्हणजे मजले. कुठल्या खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात बुरशी आहे ते घरोघर विचारून खुणा करा. एकाच उभ्या रांगेत खुणा आल्या तर सांधा किंवा पाइप. फक्त वरच्या मजल्यावर आल्या तर छत. सगळ्या उत्तरेकडच्या कोपऱ्यांत आल्या तर इन्सुलेशन. सात घरांत एकाच कोपऱ्यात बुरशी असताना सातही कुटुंबांच्या सवयी वाईट, असं कुणालाच म्हणता येत नाही. या नकाशात तिन्ही दारं धरा. लीजहोल्डरच्या घरातली खूण भाडेकरूच्या तक्रारीला तितकंच बळ देते.

हा नकाशा टेनंट्स अँड रेसिडेंट्स असोसिएशनच्या नावाने पाठवा. सोबत माहिती अधिकारात (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन, उत्तराची मुदत कामाचे २० दिवस) इमारतीचा शेवटचा स्टॉक कंडिशन सर्व्हे (इमारतीच्या अवस्थेची पाहणी) आणि छताच्या दुरुस्तीच्या नोंदी मागवा. स्वतःच्या घराच्या दुरुस्तीचा इतिहास हवा असेल तर सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (स्वतःबद्दलच्या नोंदी मागणारा अर्ज), मुदत एक महिना. त्यात 'नो ॲक्सेस'चे शेरेही दिसतात.

धोपटमार्ग

दारोदार 'नो विन नो फी'वाले (केस जिंकली तरच फी, असं सांगणारे) फिरतात, त्यांच्याकडून केस केली तर?

पाणकोंबडा

दारात आलेल्याकडे सही करू नका. मधेच केस सोडली तर खर्च तुमच्यावर येईल अशी कलमं असू शकतात, आणि पैसे मिळाले तरी त्यांतला वाटा जातो. कोर्टात जायचंच असेल तर आधी ठरलेल्या नमुन्यात दाव्याचं पत्र द्यायचं असतं. काउन्सिलला उत्तराला कामाचे २० दिवस. एक कायदेशीर बारकावा: १९८०च्या दशकातल्या क्विक विरुद्ध टाफ-एली या निकालाने ठरलं की निव्वळ रचनेमुळे होणारं कंडेन्सेशन ही 'दुरुस्ती'ची बाब नाही, जोवर प्लास्टर किंवा चौकट प्रत्यक्ष खराब झालेली नाही. ती पळवाट २०१८च्या राहण्यायोग्य घरांच्या कायद्याने बुजवली. म्हणून पत्रात १९८५च्या कायद्याचं नुसतं कलम ११ (दुरुस्तीची जबाबदारी) लिहू नका, कलम ९एही (घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी) लिहा. मोफत सल्ला शेल्टर, सिटिझन्स ॲडव्हाइस आणि स्थानिक लॉ सेंटर देतात.

मोगरा

म्हणजे तिसऱ्या दाराने मालकाला लिहायचं, मालकाने काउन्सिलला, आणि नकाशात खूण करायला तिसरं दारही चालतं. बरोबर ना? कलम ९ए आम्हालाही लागू आहे का?

ओसरी

बरोबर. आणि हो, लागू आहे. सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारांना. तुमचा प्रतिवादी मात्र काउन्सिल नाही, घरमालक. त्याला पत्र पाठवताना इमारतीच्या नकाशाची प्रत जोडा. काउन्सिलकडे मागणी करायला त्याला तोच कागद लागणार आहे.

वीटकाम

तपासणीच्या दिवसासाठी शेवटची यादी. कपाट भिंतीपासून सरकवून ठेवा. दोन आठवड्यांच्या आर्द्रता-तापमानाच्या नोंदी छापून ठेवा. कोपरा आणि खोलीचं मधलं तापमान त्याच्यासमोर पुन्हा घ्या. पंख्याची टिश्यू चाचणी त्यालाच करायला सांगा. वरच्या फ्लॅटची आणि छताची पाहणी केली का, हे विचारून उत्तर लिहून घ्या. तो गेल्यावर तासाभरात या सगळ्याची ईमेल दुरुस्ती विभागाला पाठवा. लेखी सारांशाचे ३ दिवस तपासणी संपल्यापासून मोजायचे असतात, आणि ती कधी संपली याची नोंद मग तुमच्याकडेही राहते.